परातीतले दोन कण

सकाळपासून गार ओढ्यात उकिडवं बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि प्रत्येक परातीत नुसती वाळूच. आत्याची उभी हयात वाळू धुऊन सोनं काढण्यात गेलेली. माझा मात्र पहिलाच दिवस. शेवटी तिने स्वतः परात भरून दिली.

"हळू हलव. सोनं जड असतं, तळाशी बसतं. कसली घाई आहे तुला?"

घाई मला सगळ्याचीच होती. मी परात गरागरा फिरवली, भराभर वाळू घालवली. तळाशी काळी रेती उरली, तीही घाण समजून निम्मी फेकली. तेवढ्यात काहीतरी चमकलं. मोहरीहून बारीक, पिवळे दोन कण!

"आत्या, सोनं! पहिल्याच दिवशी!" मी ताडकन उठून ओरडलो. "उगाच केवढा बाऊ करतेस या कामाचा!"

आत्याने परातीत डोकावून पाहिलं. मग कमरेची छोटी डबी काढून माझ्यापुढे उघडली. डबी रिकामी होती.

"परात भरताना मीच सात कण टाकले होते," ती म्हणाली. "बाकीचे पाच तुझ्या पायाखाली आहेत. बस खाली."