टक्क्याच्या वरची ओळ

विजयश्रीबाई चिखलीच्या त्या वर्कशॉपात प्रोग्रॅम लिहायला लागल्या, तेव्हा फाटकासमोर ज्वारी उभी असायची आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावर सगळी अक्षरं एकजात हिरवी. यंत्राला द्यायच्या सूचनांमध्ये G00 म्हणजे हत्यार हवेतून सुसाट न्यायचं, आणि G01 म्हणजे धातू कापत सावकाश न्यायचं. एकदा घाईत एकाच्या जागी शून्य पडलं, ते कुणाच्या नजरेला आलं नाही, आणि हत्यार धाडकन जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या धातूच्या तुकड्यात घुसलं. माणूस वाचला, पण त्या आवाजानं बाईंची झोप उडाली. त्यांनी घरी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सुसाट ओळी लाल, कापायच्या ओळी हिरव्या, टिपणं निळी. वर्कशॉपात त्याला सगळे नुसतं ‘रंग’ म्हणत. लाल दिसलं की हात आपोआप यंत्र थांबवायच्या बटणाकडे जायचा.

बाई निवृत्त झाल्या, तरी रंगाची डागडुजी त्यांच्याकडेच राहिली. आता नवे संगणक आले आणि त्यांच्यावर तो चालेना.

“खंडेनवमीच्या पूजेपर्यंत चालला तर आपलाच ठेवू,” मालकीणबाई जयमालाताईंनी सांगून टाकलं. “नाहीतर तयार मिळतं ते घेते.”

तयार मिळणाऱ्यात टिपणं लाल होती आणि सुसाट ओळी हिरव्या. इतक्या वर्षांची नजर कुणी एका दिवसात कशी बदलणार?

हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची सून वर्षाली म्हणाली, “आई, मी बसते ना.” तिनं सुट्टी टाकली आणि जुने नियम नव्या पद्धतीनं पुन्हा लिहिले. जुन्यातलं बरंच निरुपयोगी सामान काढूनही टाकलं. नमुन्याच्या फायलींवर रंग असा खुलला, की बाई चष्मा पुसून पुसून बघत राहिल्या.

खंडेनवमीच्या सकाळी यंत्रांना झेंडूच्या माळा चढत होत्या. जयमालाताई नारळ हातात घेऊन संगणकापाशी आल्या. वर्षालीनं वर्कशॉपातली खरी फाइल उघडली.

सगळी करडी. वरपासून खालपर्यंत.

“वहिनी, ही तर चुलीतली राख झाली की!” चाकणजवळच्या गावातून येणारा ऑपरेटर सुरज म्हणाला. सगळे हसले, बाईंना मात्र हसू आलं नाही. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. राखच. जयमालाताईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि पर्समधला फोन काढला.

“थांबा जरा,” बाई त्यांना म्हणाल्या आणि पडद्याजवळ वाकल्या. “वर्षाली, हे बघ.”

यंत्राचा प्रत्येक प्रोग्रॅम टक्क्याच्या (%) खुणेपासून सुरू होतो. त्याच्या वर काहीही लिहिलं तरी यंत्र ते वाचतच नाही. म्हणून इथले कितीतरी ऑपरेटर त्या मोकळ्या जागेत आधी SHREE लिहायचे आणि मग कामाला लागायचे. जुन्या रंगात टक्क्याच्या वरचं सोडून देणारा एक नियम होता.

वर्षालीनं जीभ चावली. “तो मी काढला, आई. म्हणून हा पहिल्याच ओळीला अडतोय आणि पुढचं सगळं करडं सोडतोय. मला वाटलं, पहिल्या ओळीच्या वर कोण कशाला लिहील? एक मिनिट, सगळ्या फायलींमधून ही ओळच उडवते.”

“आँ?” सुरज पुढं आला. “आज? खंडेनवमीला श्री पुसायचा? न्हाई वहिनी, आमी हात जोडतो, पण ते न्हाई व्हायचं!”

“फायलींना हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या. “चूक रंगाची आहे, ओळीची नाही.”

वर्षालीनं SHREE ओळखणारा नियम घातला. सुरजची फाइल लाल-हिरवी झळकली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून दुसरा ऑपरेटर बुद्धरत्न म्हणाला, “आमचं काय, वहिनी? आम्ही अजून राखेतच.”

त्याच्या फायलीत टक्क्याच्या वर NAMO BUDDHAY होतं. शेजारच्या यंत्राच्या फायलीत YELKOT YELKOT निघालं. एकानं तर नुसतं AAI लिहिलं होतं.

“शब्द मोजत बसलीस तर पुढच्या खंडेनवमीपर्यंत बसशील,” बाई आता हसत होत्या. “टक्क्याच्या वर जे असेल ते ज्याचं त्याचं. आपण विचारायचं नाही.”

“पण आता ते नुसतं सोडून नाही द्यायचं,” वर्षाली म्हणाली. “त्यालाही रंग देऊ या. कुठला?”

मग काय विचारता! कुणी भगवा म्हणालं, कुणी निळा. निळा टिपणांनी अडवलेला. शेवटी यंत्रावरच्या माळेकडे बोट दाखवून बुद्धरत्न म्हणाला, “झेंडू. सगळ्यांचाच आहे.”

फायली एकेक करून उघडल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर झेंडूच्या रंगाची एक ओळ, आणि खाली लाल जिथल्या तिथं. सुरजचा हात सवयीनं बटणाकडे गेलेला बाईंनी पाहिला.

जयमालाताईंनी फोन परत पर्समध्ये टाकला. “तयार विकणाऱ्याला कळवते, नको म्हणून. पण विजयश्रीताई, पुढच्या वेळी बिघडलं तर बोलवायचं कुणाला?”

बाईंनी काही बोलण्याआधीच वर्षाली म्हणाली, “मला.”

सुरजनं लगेच नवी फाइल उघडली आणि टक्क्याच्या वर टाइप केलं: VAHINI ZINDABAD. झेंडूच्या रंगात.

“अरे, आधी पूजा तरी होऊ दे, गाढवा!” जयमालाताई ओरडल्या, आणि नारळ वर्षालीच्या हातात देऊन म्हणाल्या, “तूच फोड.”