निळ्या बोटांचा गुन्हा

साहेब, तुम्ही माझ्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीत. तिच्यावर लिहिलंत, 'गुन्ह्याचे साधन'. गुन्ह्याचं साधन सुरी असते, पहार असते. मी आजवर कोणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. ज्या बाईने मला बारा वर्षं पुसून-पासून ठेवलं, तिला तुम्ही माझ्या नावावर कोठडीत घातलंत, आणि कागदावर सही करताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मी बघत होते. माझ्या चारही भिंती आरपार आहेत, मला सगळं दिसतं.

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. ट्युनिशियातल्या ऐन-लूझ नावाच्या गावात, प्राथमिक शाळेच्या सामानाच्या खोलीत माझा जन्म गेला. माझ्याआधी इथे लाकडी पेट्या होत्या. त्यांच्यात काय पडलं ते कोणाला दिसायचं नाही, आणि त्यांच्यातून काय निघणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. मग लोक रस्त्यावर उतरले, जुना राज्यकर्ता देश सोडून पळाला, आणि कारखान्यात पारदर्शक प्लास्टिकची पानं जोडून मला तयार केलं. निळं झाकण, वर एक फट, चार बाजूंना सील लावायला चार भोकं. माझ्यात फार काही नाही. पण जे आहे ते लपत नाही, एवढाच माझा गुण.

माझा पहिला रविवार मी विसरणार नाही. रांग शाळेच्या फाटकातून निघून तेलाच्या घाण्यापर्यंत गेली होती. फॉस्फेटच्या खाणीत तीस वर्षं घालवलेले तिजानीकाका लग्नातला कोट घालून आले. मतपत्रिका पंचाएवढी मोठी, ती दुमडून दुमडून त्यांनी फटीत घातली आणि हात तसाच वर धरून उभे राहिले. कागद तळाशी पोचल्याचं डोळ्यांनी पाहिल्यावरच हलले. मग डाव्या हाताची तर्जनी निळ्या शाईत बुडवली आणि दिवसभर ते बोट सगळ्या जगाला दाखवत फिरले. शाई लवकर जाऊ नये म्हणून आठवडाभर त्यांनी त्या हाताला साबण लागू दिला नाही, असं त्यांची बायको पुढच्या निवडणुकीच्या रांगेत बायकांना कुरकुरत सांगत होती.

त्या दिवशी माझ्यातून पाचशे सत्त्याऐंशी कागद निघाले. मास्तर एकेक कागद उंच धरून सगळ्यांना दाखवत होते. शाळेची शिपाईण सालहा झाडू हातात घेऊन दाराशी उभी होती. मोजणी संपल्यावर तिने मला व्हिनेगरच्या पाण्याने पुसलं आणि म्हणाली, "तुझ्यावर धूळ दिसली तर लोकांना वाटेल आत काहीतरी लपवलंय." तेव्हापासून दर गुरुवारी ती मला पुसते. निवडणूक असो, नसो.

माझं कौतुक झालं, तसे हालही झाले. सरकारं यायची, आपसात भांडायची, पडायची. मला पुन्हा बाहेर काढायचे, पुन्हा आत ठेवायचे. कागद दर वेळी कमी होत गेले. खाणीत नवी भरती होईल असं प्रत्येक जण सांगून गेला, आणि कोणाला काम मिळालं नाही. तिजानीकाकांचे दोन नातू होडीत बसून इटलीला निघाले. एकाचा फोन येतो. दुसऱ्याबद्दल कोणी काकांना विचारत नाही.

खरं सांगते, मीही मूर्खच. मला वाटायचं, लोकांनी माझ्यात कागद टाकला की त्यांचं काम झालं. कागद पडल्यावर पुढे कोण काय करतं, ते बघायला मी खोलीबाहेर कधी गेले नव्हते.

मग एका उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने राजधानीत संसदेच्या फाटकाला कुलूप लागलं आणि पुढे लष्कराची गाडी उभी राहिली. मला वाटलं, गाव रडेल. तर आमच्या गावचा भटारी हत्ताब पावाच्या गाडीचा भोंगा वाजवत गल्लीगल्लीत फिरला. भांडखोर गेले एकदाचे, असं तो ओरडत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी कपाटात सुन्न झाले. पण त्यांना तरी काय बोलू? भांडणं त्यांनी दहा वर्षं ऐकली होती.

त्यानंतरच्या निवडणुकीच्या रविवारी माझ्यात एक्केचाळीस कागद पडले. मास्तरांनी दोनदा मोजले. मग मला उलटं करून हलवलं, आत काही चिकटून राहिलंय का म्हणून. एका कागदावर उमेदवाराचं नावच नव्हतं. 'साखर कुठे आहे?' एवढंच लिहिलेलं होतं. मास्तरांनी तोही उंच धरून दाखवला. बघायला खोलीत सालहाशिवाय कोणी नव्हतं. निवडणूक कचेरीचा ट्रक मला न्यायला येणार होता. तीन आठवडे उलटले तरी आला नाही.

तोवर गावातलं पीठ संपत आलं. साखर, दूध, तेल आधीच गेलं होतं. आता हत्ताबला अर्ध्या गावाला पुरेल एवढंच पीठ मिळू लागलं. आमच्याकडे पाव नाही म्हणजे जेवण नाही. पाव कुस्करून खायची लब्लाबी पावाशिवाय म्हणजे नुसतं हरभऱ्याचं गरम पाणी. उजाडायच्या आत रांगा, रांगेत ढकलाढकली. एकीचं मनगट मोडलं. तेव्हा हत्ताबने तोडगा काढला. प्रत्येक घराने नावाची चिठ्ठी टाकायची, निघतील त्यांना आज पाव, उरतील त्यांना उद्या. पण चिठ्ठ्या त्याने पिठाच्या पोत्यात टाकल्या, आणि पहिल्या दिवशी त्यातून त्याच्या दोन मेव्हण्यांची नावं लागोपाठ निघाली. मग जे व्हायचं तेच झालं. दुकानाची काच फुटली.

रांगेत उभी असलेली सालहा घरी गेलीच नाही, तडक शाळेत आली. कपाट उघडलं, मला काखेत मारलं आणि भटारखान्याच्या ओट्यावर आणून ठेवलं. ती म्हणाली, "हिच्यात टाका. हिच्यात हात घालताना सगळ्यांना दिसतो."

मित्रांनो, लोकांनी पोतं बाजूला सारलं. मग एकेक जण पुढे आला.

तिजानीकाकांनी माझ्याकडे पाहिलं, सालहाकडे पाहिलं. "काय गं पोरी, आज कोण उभं आहे?"

"हत्ताबचा पाव, काका."

"मग देतो मत. हा निवडून आला की निदान घरी तरी येतो."

सगळे हसले. काकांनी चिठ्ठी टाकली, ती तळाशी गेलेली पाहिली आणि सवयीने डावी तर्जनी पुढे धरली. शाई नव्हती. ते हलेनात. शाईशिवाय कोणाला कसं पटणार मी टाकली म्हणून, असं ते म्हणू लागले. सालहाला हसूही आलं आणि त्यांचं मनही मोडवेना. ती शाळेत जाऊन उरलेली बाटली घेऊन आली आणि काकांचं बोट बुडवलं. झालं. मग मागच्यांनाही शाई हवी झाली. न्हाव्याला हवी, चहावाल्याला हवी, मनगट मोडलेल्या बाईने तर दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. कोणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती. बारा वर्षांची सवय. माझ्यात कागद टाकला की बोट निळं व्हायलाच हवं, एवढं एक त्यांच्या अंगात उरलं होतं.

त्या सकाळी माझ्यात सहाशे बारा चिठ्ठ्या पडल्या. पहिल्या रविवारापेक्षाही जास्त. मला आनंद व्हायला हवा होता. मी हादरले. साहेब, तुम्ही सगळे मिळून जे माझ्यात आणू शकला नाहीत, ते एका पावाने आणलं.

सात दिवस मारामारी झाली नाही. सालहा सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची, नाव वाचायची. तिचं स्वतःचं नाव दुसऱ्या दिवशी निघालं. तोवर तिने शेजारणीकडून अर्धा पाव उसना घेतला होता.

आठव्या दिवशी पोलीस ठाण्यातून तुम्ही आलात. चहाच्या टपरीवर बसलात, चहावाल्याने पेला पुढे केला आणि तुमची नजर त्याच्या बोटावर गेली. मग न्हाव्याच्या बोटावर. मग रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या. तुम्ही पेला तसाच खाली ठेवलात. महिन्यापूर्वी सरकारी निवडणुकीला ज्या गावात निळं बोट शोधून सापडत नव्हतं, तिथे आता अख्खं गाव निळं.

"कसली निवडणूक केलीत इथे?" तुम्ही विचारलंत.

"पावाची," तिजानीकाका म्हणाले.

"थट्टा करता?"

"गेल्या महिन्यात तुम्ही केलीत, साहेब. आता आमची पाळी."

तुम्हाला हसता आलं असतं. घाबरलेल्या माणसाला हसता येत नाही. तुम्ही शिपायांना बोलावलंत, माझं झाकण उघडलंत आणि चिठ्ठ्यांमध्ये उमेदवार शोधू लागलात. घरोघरच्या नावांशिवाय काही सापडेना, तेव्हा तीच नावं उतरवून घेतलीत. सालहाला विचारलंत, पेटी कोणाच्या परवानगीने नेली. ती म्हणाली, "धुऊन परत ठेवणार होते." एवढंच म्हणाली. तिला तुम्ही जीपमध्ये बसवलंत, तेव्हा तिच्या हातात मला पुसायचं फडकं होतं.

आणि हत्ताब? त्याने लिहून दिलं की पेटी तिने आणली, शाई तिने आणली, मला काही ठाऊक नाही. तुम्ही त्याला पीठ बंद करायची धमकी दिली होती, ते मी ऐकलं. पीठ बंद म्हणजे गाव उपाशी. सही करताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्यावर रागवावं की तुमच्यावर, हे ठरवायला मला वेळ लागला नाही.

आता मी ठाण्याच्या कपाटात पडून आहे. तीन गुरुवार गेले, माझ्यावर धूळ साचली आहे. पहिल्यांदाच माझ्या भिंतींतून धूसर दिसतं. मित्रांनो, तुमच्या गावात माझी कोणी बहीण असेल तर तिला असं पडू देऊ नका. नुसतं पुसून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. आत कागद टाकल्यावर घरी जाऊन झोपू नका. ज्याला निवडलं त्याच्या दाराशी जा आणि पाव कुठे आहे ते विचारा. आणि जो पुसत बसतो, त्याला एकटं सोडू नका.

सोमवारी सालहाची सुनावणी आहे. मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवतील. मला तोंड नाही, म्हणून आत्ताच विचारून ठेवते, साहेब. सरकारी मालमत्तेचा गैरवापर, असा तुमचा आरोप आहे. माझ्यात एक्केचाळीस कागद पडले आणि तुम्ही त्याला देशाचा कौल म्हणालात. माझ्यात सहाशे बारा चिठ्ठ्या पडल्या आणि तिने प्रत्येकाला त्याच्या पाळीचा पाव दिला. यातला गैरवापर कुठला? उत्तर कागदावर लिहा, खाली तुमचं नाव घाला, आणि सगळ्या गावासमोर माझ्यात टाका. सालहा तो कागद उंच धरून वाचेल. तिला कधी सोडताय?