पंजाबरावांच्या नावाची प्रार्थना

धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणं ही पंजाबरावांच्या मते चोरी नव्हती, वहिवाट होती. दरसाल नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, शेजारच्या सोजराबाईंच्या वावरात जास्तीचं घालायचं. नऊ वर्षांत नऊ तासं पोटात गेली. मग नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेल्या सोजराबाई गावात राहायला आल्या आणि त्यांनी सरळ सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. पंजाबरावांनी धुऱ्यावर उभं राहून त्यांचा अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा उद्धार केला. बाईंनी उलट एक शिवी दिली नाही. संशय तिथंच सुरू झाला.

पुढची बातमी बायकोनं, झुंबरबाईनं आणली. बाई ख्रिस्ती, दर रविवारी एसटीनं मेहकरला चर्चमध्ये जायच्या.

"तिथं तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते म्हणे ते."

"मी मरावं म्हणून?"

"नाही. भलं व्हावं म्हणून. त्यायच्यात दुश्मनासाठी मागा लागते."

"हाव, अन् मी येडा! भांडणात कोणी कोणाचं भलं मागते काय?"

त्याच आठवड्यात तीन वर्षांपासून ठणकणारा गुडघा थांबला. पंजाबराव तो दाबदाबून दुखणं शोधत बसले. मग गाय व्यायली, कालवड झाली. मग मुलीचं, अश्विनीचं लग्न जमलं, आणि पोराकडच्यांनी काही म्हणजे काहीच मागितलं नाही. घरात पेढे वाटले गेले. पंजाबरावांनी पेढा हुंगून बाजूला ठेवला. बोकडालाही आधी हारच घालतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

मोजणी सोमवारी होती. रविवारी सकाळी त्यांनी बाईंना स्टँडवर गाठलं.

"सिस्टर, ते तुमचं बंद करा."

"मोजणी?"

"मोजणी होऊ द्या, तिले मी पाहून घेतो. प्रार्थना बंद करा."

"नाही जमत, पंजाबराव. आमच्या प्रभूचा हुकूम आहे. माह्या मनावर असतं, तर तुमचं नावही काढलं नसतं."

"मंग मनापासून नाही करत ना?"

"पहिले दोन महिने दात खाऊन केली. आता तुमची काळजी वाटाले लागली, त्याले मी काय करू? गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याचं तुमाले कोनं सांगतलं?"

"लंगडत होते, आता नाही लंगडत. नर्स होती मी."

एसटी आली, बाई गेल्या.

असे उपकार अंगावर घेऊन मोजणीला उभं राहणं धोक्याचं होतं. तोडगा एकच: आपणही बाईंसाठी काहीतरी मागून मोकळं व्हायचं. पंजाबराव नारळ घेऊन मारुतीच्या देवळात गेले.

"देवा, सोजराबाईले..."

इथं गाडं अडलं. तब्येत मागावी, तर बाई ठणठणीत. पैसा मागावा, तर पेन्शन. पोराचं मागावं, तर तो बुलढाण्याला प्रोफेसर. बाईंकडे नसलेली वस्तू एकच, नऊ तासं. आणि ती कुठं आहेत हे मारुतीपेक्षा पंजाबरावांना जास्त पक्कं माहीत होतं.

त्यांनी मूर्तीकडे निरखून पाहिलं. देवही बाईंना सामील असावा.

"फोडू काय नारळ?" पुजाऱ्यानं विचारलं.

"राहू द्या, महाराज. जे मागाचं ते याच्यापाशी नाही."

नारळ पिशवीत टाकून ते घरी आले आणि पहार, खुंट्या घेऊन वावरात गेले. जुना धुरा त्यांना तोंडपाठ होता. पहिली खुंटी ठोकता ठोकता त्यांची खात्रीच पटली: बाईनं हे सगळं पहिल्यापासून ठरवून केलं होतं.