कुशीवर

डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या त्या उघड्या तोंडात पडजीभ तेवढी पांढुरकी पडली होती... येणाऱ्या प्रत्येकाला समजावताना डॉक्टरांचं बोट तिथेच टेकत असणार. टाळू गुलाबी, दात शाबूत, आणि ओठ बनवलेलेच नव्हते. म्हणजे मिटायची सोय नाही, असं उत्तराच्या मनात आलं आणि तिने स्वतःचे ओठ नकळत घट्ट मिटून घेतले.

डॉक्टर श्रिया तरुण होत्या, तिच्या मुलाच्या, केदारच्या वयाच्या. झोपेत हा मागचा मऊ भाग सैल पडतो, श्वासाबरोबर थरथरतो, तोच आवाज, असं त्या सांगत होत्या. लेझरने तो नुसता तापवायचा, म्हणजे आक्रसून घट्ट होतो. कापाकापी नाही, दोन-तीनदा यावं लागेल, आणि गुण सगळ्यांनाच येतो असं नाही, आला तरी कायमचा टिकेल असंही नाही. त्याआधी झोपेची तपासणी करावी लागेल. मधुकर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. टाळू बायकोचा आणि मान नवऱ्याची... संसारात हे असंच चालत आलं होतं, त्यात आजच वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं.

दवाखान्यात यायचं कारण, घरात लग्न होतं. केदारचं. मानपाड्याच्या त्या जागेत खोली एकच, ती आता केदार आणि नव्या सुनेची, कादंबरीची होणार, आणि ही दोघं बाहेर हॉलमध्ये. मध्ये प्लायवूडचं एक दार. सून काय म्हणेल, ही काळजी मधुकरला होती. तशी ती सुनेला कळवूनही झाली होती — लग्नाच्या बैठकीत, विहीणबाईंसमोर, पोह्यांची बशी हातात असताना तो म्हणाला होता, आमच्या हिचं घोरणं म्हणजे एमआयडीसीतला भोंगा, एकदा लागला की अख्खी बिल्डिंग उठते. सगळे हसले. कादंबरीही हसली, मग उत्तराकडे बघून गप्प झाली. त्या गप्प होण्याचंच उत्तराला जास्त लागलं होतं.

मी घोरते. हे मला कुणी सांगितलं? यानेच सांगितलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, सकाळी चहा घेताना हसत हसत, आणि पुढे ते माझ्या नावासारखं मला चिकटलं. केदारला भिंतीपलीकडून आवाज यायचा, तो आईचा म्हणून लहानपणीच ठरून गेला. बाईमाणूस घोरतं म्हणजे लाज. पुरुष घोरला तर दमलाय बिचारा... आई गेली तेव्हा बहिणीकडे, शीलाकडे, सगळ्या जणी ओळीने निजल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर हात टाकून रडत, बोलत; आणि मी भिंतीला टेकून स्वतःला चिमटे काढत जागी. शीला दोनदा म्हणाली, ये गं, पड माझ्याजवळ. मी नाही गेले. आईच्या दुःखात माझा भोंगा नको वाजायला.

परवा मधुकरने तिच्या उशीपाशी मोबाईल ठेवला होता. दवाखान्यातून सांगितलं होतं, आवाज रेकॉर्ड करून आणा. तिने पाठ वळवली, पण त्या एवढ्याशा यंत्राच्या लाजेने तिचा डोळा लागेना. पहाटे कधीतरी लागला असेल. कारण सकाळी तो खुशीत होता — मिळाला पुरावा, ऐक हवं तर. तिने ऐकलं नव्हतं. स्वतःची फजिती मुद्दाम काय ऐकायची.

डॉक्टरांनी आता तेच लावलं.

आवाज खोलीभर पसरला. खर्जातून चढत जाणारा, वर जाऊन अडखळणारा, आणि शेवटी बारीकशी शीळ... त्या शिळेपाशी उत्तराने मान वर केली. ही शीळ तिला पाठ होती. मधुकर कौतुकाने म्हणाला, "हाच. बघा आता, हिच्यामुळे माझी काय अवस्था होत असेल."

डॉक्टरांनी ते बंद केलं नाही. आवाज चढत राहिला आणि मग त्याच आवाजावर बांगड्या किणकिणल्या, आणि एक बाई हलकेच म्हणाली, "अहो... कुशीवर व्हा. अहो..." घोरणं तुटलं. कॉट करकरली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मधुकरचा चेहरा क्षणभर कोरा झाला. आता काहीतरी म्हणेल, उत्तराला वाटलं, निदान ओशाळं हसेल. त्याने मोबाईल ओढून घेतला आणि बोटाने रेकॉर्डिंग पुढे सरकवू लागला. "हिचं पुढे असेल कुठेतरी. थांबा." शीळ. आणखी पुढे. शीळ. बांगड्या. पुन्हा शीळ.

"काका, तपासणी तुमची करू या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी कशाला? मला काही त्रास नाही."

हे मात्र खरं होतं. त्याला काही त्रास नव्हता, कधीच नव्हता. राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण मधुकरवर नाही. राग आला रेकॉर्डिंगमधल्या त्या बाईवर... किती मऊ आवाज, झोपलेल्या माणसालाही अहो-जाहो, त्याची झोप मोडू नये अशा बेताने त्याला हलवणारी. अख्खा जन्म जागून वर भोंगा हे नाव घेणारी. मूर्ख बाई. आणि ती खरोखर घोरते की नाही, हे तर अजूनही कुणालाच ठाऊक नाही. तिलाही नाही. घोरतही असेल.

"आलोच आहोत तर तुझा घसा दाखवून घे," मधुकर मोबाईलमधून डोळे न काढता म्हणाला. डॉक्टर टॉर्च घेऊन थांबल्या होत्या, काकू, तुम्ही सांगाल तसं, अशा चेहऱ्याने.

उत्तराने तोंड उघडलं नाही. मिटल्या ओठांआड जीभ वर नेऊन तिने आपला टाळू चाचपला — मागे, जिथे हाड संपून मऊ लागतं तिथे. ओला, कोमट. एवढ्याशा मांसासाठी शीलाशेजारची ती जागा रिकामी राहिली होती. शीलाकडे जायला हवं. जाऊन नुसतं आडवं व्हायचं, उताणं, हातपाय पसरून, तोंड उघडं पडलं तर पडू दे... त्यातून काय आवाज निघतो तो शीला सांगेल. शेजारी पुन्हा शीळ वाजली. मधुकर अजून पुढे पुढे सरकवत होता, आणि तिला, भरदिवसा, त्या पांढऱ्या खुर्चीत, अनावर झोप येऊ लागली होती.