पेरूतून पाझरलेलं अमृत

सुरतेजवळच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पेरूचं झाड पाझरत होतं! बाया तळहात पसरून उभ्या. थेंब पडला की जिभेवर. खरोखर गोड! श्रावणात घरोघरी बसवलेल्या कानबाई देवीला निरोप देऊन आठवडाच झाला होता आणि योगराज महाराजांनी जाहीर केलं होतं, की आई गेलीच नाही, पेरूत राहिली.

"आईचं अमृत आणि डॉक्टरची गोळी, एका पोटात दोन सवती नांदायच्या नाहीत!" महाराज गरजले. फांद्यांना त्यांनी स्वतः लाल चुनरीच्या गाठी बांधल्या होत्या. त्या गाठींना हात लावायची सक्त मनाई. देवाच्या कामात मनाई दिसली, की मला संशय येतो.

माझी वहिनी उषाबाई सर्वांत पुढे. तिला मधुमेह, त्यात पायाच्या अंगठ्याला जखम. "गोळ्या सोडी दिध्यात मी," ती आनंदाने म्हणाली. जखम काळी पडत चालली होती. मी हात जोडले, भांडलो, पण ती ऐकेना. मला फार भीती वाटत होती.

तिच्या मुलीला, धनश्रीला, किड्यांचे फोटो काढायचा नाद. कारखान्यात लूमवर कापडाचे धागे मोजायचं माझं भिंग तिने रबरबँडने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवलेलं. सकाळीच ती पेरूखाली जाऊन आली. "काका, हा व्हिडिओ जुओ ने, बघा ना!"

पानाच्या मागे पिठात लोळल्यासारखे पांढरे किडे, सोंड खुपसून बसलेले. एकाच्या मागच्या टोकाला चकचकीत थेंब फुगला आणि घरंगळला. वहिनी तळहातावर झेलायची तो हाच.

आरतीला सगळे जमल्यावर धनश्रीने मोबाइल फिरवला. "हे पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून टाकतात."

"पापी पोरी! आईला ढेकूण म्हणतेस?" महाराज ओरडले.

"मग गाठीत कोण आहे ते बघू," म्हणत तिने एक गाठ सोडली. आत किड्यांनी बुजबुजलेली जास्वंदीची डहाळी. दुसऱ्या गाठीत तेच. महाराजांनी किडे बाहेरून आणून झाडावर सोडले होते!

म्हाताऱ्या दगा आजोबांनी मोबाइल नाकाशी धरला. "हाऊ तं चिकटा शे! आपली कपाशीवर पडस तोच!"

आम्ही सारे खानदेशचे. गावी या चिकट्याला शिव्या घालत फवारणी केलेली माणसं, सुरतेत येऊन तोच चाटत होतो! तोवर महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते फाटकाबाहेर पडले.

वहिनी थुंकत राहिली, मग रडली. आम्ही तिला तसंच दवाखान्यात नेलं. पाय वाचला, अंगठा मात्र काढावा लागला.

आता बाया भेटायला येतात तेव्हा ती पाय झाकत नाही. "गोड लागनं म्हणीसन पिधं," ती सांगते, "कोठून उनं ते इचारं नही."

कुठून आलं ते तुम्ही विचारा. आणि कुणीही, कुठल्याही देवाचं नाव घेऊन सांगितलं, तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.