मथुराबाईंचं मत

नीरजाने स्वयंपाकघराची खिडकी बाहेर ढकलली तेव्हा पुष्कर भिंतीशी टेप ताणून उभा होता. तावदान त्याच्या कोपराला लागले. टेप हातातून सुटली आणि सर्रकन गुंडाळली गेली.

"काकू, पाच मिनिटं बंद ठेवा ना, प्लीज. मेजरमेंट चाललंय."

"कशाचं?"

"लिफ्टचं. जिन्याला लागून इथूनच वर जाणार आहे." तो खिडकीकडे न बघता म्हणाला. "मीटिंगमध्ये ठरलंय ना तसं."

"मागच्या सभेत नुसता कौल घेतलाय. ठराव रविवारच्या सभेत व्हायचाय अजून."

"ती फॉर्मॅलिटी आहे, काकू."

नीरजाने खिडकी बंद केली नाही. कढईत मिरच्यांची फोडणी टाकली आणि ठसका सरळ बाहेर जाऊ दिला. सोसायटीचा तरुण सेक्रेटरी खोकत खोकत बाजूला झाला.

कसबा पेठेतली ती जुनी इमारत तळमजला धरून चार मजल्यांची, बारा घरांची. नीरजा तळमजल्यावर एकटीच राहत असे. तिच्या स्वयंपाकघराला उजेड आणि वारा मिळे तो या एकाच खिडकीतून. मागच्या सभेत तिने सुचवले होते, लिफ्ट मागच्या बाजूला करा. तिथे प्रत्येक मजल्याची गॅलरी संपते, लिफ्ट सरळ गॅलरीतच उघडेल. अध्यक्ष गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे म्हणाले होते, "मागे गाड्या लागतात." त्यांचीही लागत होती. मग त्यांनी हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हटले, "जरा मथुराबाईंचा विचार करा. त्या माउलीला अजून किती दिवस वर कोंडून ठेवायचं?" त्यावर भराभर हात वर झाले. ठरावाला आठ मते लागत होती. आठवे मथुराबाईंचेच होते. त्यांच्या मुलाने ते बेंगळुरूहून फोनवर दिले होते. एका खिडकीसाठी एका म्हातारीला अडवणारी बाई, असे सगळ्यांनी आपल्याकडे पाहिले, हे नीरजाला त्या दिवसापासून खुपत होते.

तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती तरातरा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली.

मथुराबाईंना सांभाळणाऱ्या मुक्ताईने दार उघडले. ती लोणी काळभोरची. "जाग्याच हायेत आजी. या की आत."

मथुराबाई गॅलरीत पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा जन्म गेला होता. आवाज अजून तसाच होता, दुसऱ्या टोकाला नीट ऐकू जावा असा.

"मथुराकाकू, तुमच्या मतामुळे माझी खिडकी चाललीय," नीरजा उभ्या उभ्याच म्हणाली.

"माझ्या मतामुळे? मी कुठे मत दिलं?"

"तुमच्या मुलानं दिलं. फोनवर."

"घर माझ्या नावावर आहे. मत त्याचं कसं?" त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "आणि कशाला दिलं?"

"लिफ्टला. लिफ्ट म्हणे तुमच्यासाठीच होतेय."

"अस्सं. मला कुणी सांगितलं नाही ते. थांबणार कुठे ती?"

"जिन्याच्या मधल्या वळणांवर. पुढच्या बाजूला मजल्यावर थांबायला जागाच नाही."

"म्हणजे निम्मा जिना मला आहेच." मथुराबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले. "अगं, निम्मा उतरता आला असता तर पूर्णच उतरले नसते का मी?"

नीरजा खाली बसली. हे तिच्याही ध्यानात आले नव्हते. सभेत तिने खिडकीबद्दल केवढे तरी सांगितले होते, पण या गुडघ्यांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"मागून केली तर तुमच्या या गॅलरीत थांबेल," ती हळू म्हणाली.

मथुराबाईंनी कठड्यातून खाली, गाड्यांच्या टपांकडे पाहिले. त्यांना कारण विचारावे लागले नाही.

"तू आत्ता वर आलीस ती माझ्यासाठी की खिडकीसाठी?"

"खिडकीसाठी," नीरजा म्हणाली.

"बरं झालं. स्वतःसाठी मागते आहेस हे कबूल तरी करतेस. रविवारी मला खाली न्यायचं."

रविवारी सकाळी वेताच्या खुर्चीत त्यांना बसवले. एका बाजूने मुक्ताई, एका बाजूने नीरजा. दोघींना पेलेना. तेवढ्यात समोरच्या दारातून पुष्कर सभेला निघाला, त्याला मथुराबाईंनीच हाक मारली. नाही म्हणायला त्याला सवड मिळाली नाही.

वळणावर खुर्ची कलली. मथुराबाईंनी कठडा घट्ट पकडला आणि डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ पांढरे पडले. "टेकवा, टेकवा," पुष्कर म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने वरच्या पायऱ्यांकडे पाहिले.

"लिफ्ट इथे थांबेल, आजी," तो म्हणाला.

"आणि इथून मी वर कशी जाऊ?"

पुष्करने वाकून खुर्ची पुन्हा उचलली.

सभा मागच्या मोकळ्या जागेत होती. गाड्या तेवढ्यापुरत्या बाहेर काढल्या होत्या. खुर्ची आली तसे सहस्रबुद्धे लगबगीने उठले.

"अरे वा, साक्षात मथुराबाई! यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप."

"खटाटोप करण्याआधी विचारायचं होतं, गोपाळकृष्णराव. मी काही परगावी नव्हते."

कोणीतरी हसले. सहस्रबुद्ध्यांनी घसा साफ करून ठराव वाचला आणि अनुकूल असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. सात हात वर झाले. पुष्करचा सगळ्यात शेवटी, तोही खांद्याच्या वर गेला नाही.

"मथुराबाई, आपला हात?"

"प्रतिकूल कधी विचारताय, त्याची वाट बघतेय."

ते विचारावेच लागले. नीरजाचा हात वर गेला आणि तिच्या शेजारी मथुराबाईंचा. दुसऱ्या हाताने त्यांनी कोपराला आधार दिला, पण मोजून होईपर्यंत खाली घेतला नाही.

"आपले चिरंजीव तर हो म्हणाले होते," सहस्रबुद्धे म्हणाले.

"तो बेंगळुरूला राहतो. तिथल्या लिफ्टचं त्याला विचारा."

अध्यक्षांनी कागदाची घडी घातली. "हरकत नाही. काही सभासद आज आलेले नाहीत. सभा तहकूब करू या. पुढच्या रविवारी पुन्हा मतदान." मग ते खुर्चीकडे वाकले. आवाजात मध होता. "आपण मात्र परत एवढा त्रास घेऊ नका हं. मुलाशी आम्ही बोलून घेऊ."

नीरजा ताडकन उठली. "मनासारखा निकाल लागेपर्यंत मतं घेत राहणार का?"

"नियमात बसतं, नीरजाताई."

लोक उठू लागले. गाड्यांच्या किल्ल्या खुळखुळल्या. मुक्ताईने खुर्चीच्या हाताला हात घातला. पुष्करही न बोलावता दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"राहू द्या," मथुराबाई म्हणाल्या. "मी वर जात नाहीये."

"म्हंजी?" मुक्ताई गोंधळली.

"म्हणजे वर जात नाही. नीरजा, रविवारपर्यंत तुझ्याकडे जागा आहे का?"

एकटीने राहण्याची नीरजाला सवय होती. बाहेरच्या खोलीत सोफा, शिवणाचे मशीन, मधून चालण्यापुरती वाट. तिने एकदा आपल्या दाराकडे पाहिले.

"करू," ती म्हणाली.

मथुराबाई मग सहस्रबुद्ध्यांकडे वळल्या. "मला आणण्याचा कुणाला त्रास नको. मी खालीच आहे. रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, जेव्हा म्हणाल तेव्हा."

सहस्रबुद्धे काहीतरी बोलणार होते. पण दोन-तीन जण जायचे थांबून त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते. ते गाडी आणायला निघून गेले.

दुपारभर आवराआवर चालली. मशीन भिंतीला गेले, सोफ्यावर चादर पडली, मुक्ताईने वरून कपड्यांची पिशवी आणली. नीरजा दार लावू लागली तशी मथुराबाईंनी हात केला.

"उघडं असू दे. जाता-येता दिसले पाहिजे मी."

आणि त्या दिसत होत्या. जिन्याकडे वळणारा प्रत्येक माणूस दाराशी येऊन क्षणभर रेंगाळे. कोणी हसून जाई, कोणी मोबाइल कानाला लावी.

संध्याकाळी पुष्कर आला. मुक्ताई वर दारापाशी विसरलेली गोळ्यांची डबी त्याच्या हातात होती. डबी देऊन झाली तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आजी, मागच्या बाजूच्या लिफ्टचं... तिथे माझीही गाडी लागते."

"माहीत आहे. लाल. गॅलरीतून रोज बघते मी."

आत नीरजा चहाचे आधण ठेवत होती. ती वळून पाहू लागली.

पुष्करने वळून जिन्याच्या वळणाकडे पाहिले. मग त्याने चपला काढल्या आणि तो आत आला.