झऱ्याची खूण

दुपारी दोन वाजता ओयूनने झऱ्याच्या काठावर मोजणीची काठी रोवली आणि उंची नोंदवली. हातातल्या यंत्राने पुढचा प्रश्न विचारला: नकाशावर खूण कसली? तिने चौकट कोरीच ठेवली.

म्हातारा दामदिन तंबूतून खारट चहा घेऊन आला. ती लहान असताना, बर्फच न पडलेल्या एका हिवाळ्यात, तिचा बाप तहानलेली मेंढरं हाकत याच झऱ्यावर आला होता. दामदिन तेव्हा घोडे धरायची लांब काठी आडवी घालून उभा राहिला. मेंढरं गोबीच्या वाळवंटात वाटेतच संपली. बाप शहरात कोळसा उपसता उपसता संपला.

नकाशाच्या या पानाचं काम ओयूनने मुद्दाम मागून घेतलं होतं. नवा कायदा सरळ होता. नकाशावर झरा असेल, तर आसपास खाणीला परवाना नाही. नसेल, तर ही नुसती कोरडी जमीन. आणि याच जमिनीसाठी एका खाणवाल्याचा अर्ज येऊन पडला होता.

"पोरी, एक मागू का?" दामदिन म्हणाला.

"मागा की, आजोबा."

"हा झरा कागदावर घेऊ नकोस. पलीकडच्या खोऱ्यातला घेतला, तर पाणी न्यायला लांबलांबून टँकर येऊ लागले. आता तिथे चिखलसुद्धा नाही."

जीपवाला पुंत्साग हसला. "सरकारी बाईंना नुसत्या चहावर गुंडाळता होय? बोकड तरी कापा."

"बोकड माझ्याच वयाचा आहे. दात पडतील तुझे."

ओयूनने चहावरची साय बोटाने बाजूला सारली. कायदा सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तुम्ही म्हणता तसंच करते," ती म्हणाली.

ती जीपकडे निघाली, तेव्हा तो मागून म्हणाला, "चालतेस अगदी बापासारखी. उतरलीस तेव्हाच ओळखलं. वाटलं होतं, तू काही माझं ऐकायची नाहीस."

तिने मागे पाहिलं नाही. जीप सुटली. आरशात दामदिन दुधाचं भांडं घेऊन चाकोरीत उभा होता आणि पळीने दूध शिंपडत होता, घरचं माणूस लांब निघालं की शिंपडतात तसं.

"बाई, मागच्या काचेवर उडालंय. पुसू?"

"राहू दे."

पान सोमवारी छपाईला जायचं होतं. रविवारी संध्याकाळी ती चौकट अजून कोरीच होती.